फॉरमॅट मारा म्हणणाऱ्यांना

सुरतच्या पर्वत पाटिया, गोडादरा, डिंडोली या पट्ट्यातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत एका दुखण्याला एकच औषध मिळतं. स्क्रीन काळी पडून राहते? पासवर्ड टाकला की क्षणभर चमकून पुन्हा लॉगिनवरच येते? 'गेलं काम. फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.' आणि त्या लॅपटॉपवर लिनक्स निघालं तर वर एक टोमणाही फुकट मिळतो : 'हे खूळ कोणी घालून दिलं तुम्हाला?'

टोमण्याचं मला काही नाही. आक्षेप आहे तो त्यामागच्या युक्तिवादावर. तो असा : लिनक्स फुकट आहे कारण ते कच्चं आहे, ते कच्चं असल्याचा पुरावा म्हणजे ती काळी स्क्रीन, आणि एकदा ती आली की आतलं सगळं गेलं असं समजायचं. यातलं शेवटचं विधान धडधडीत खोटं आहे, मधलं अर्धवट आहे, आणि पहिल्याचा या दोन्हींशी काडीचा संबंध नाही.

काही वर्षांपूर्वी हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. लिनक्स वापरणारे मोजके, त्यांचं ते बघून घेत. पण १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. लूमवर आणि एम्ब्रॉयडरीच्या खात्यात राबणाऱ्या आईबापांची पोरं ज्या सेकंडहँड लॅपटॉपवर शिकतात, त्यातले कितीतरी या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या लेखी म्हातारं. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि पोरं तो धरायला लागली आहेत. म्हणूनच दुकानातला तो सल्ला आता महागात पडतो.

आधी काळी स्क्रीन म्हणजे काय ते बघू. लिनक्समध्ये आपल्याला दिसणारं चित्र हा सगळ्यात वरचा थर असतो. खाली कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा गाभा, त्यावर सगळ्या सेवा क्रमाने सुरू करणारं सिस्टमडी, त्यावर लॉगिनची स्क्रीन दाखवणारा एक वेगळा प्रोग्रॅम. उबुंटूत तो जीडीएम, मिंटमध्ये लाइटडीएम, केडीई डेस्कटॉपवर बहुतेकदा एसडीडीएम. पासवर्ड बरोबर निघाला की हा प्रोग्रॅम तुमचा डेस्कटॉप उभा करतो. हे थर वेगळे असण्यामागे इतिहास आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत एक्स विंडो सिस्टिम सुरू झाली तीच मुळी या समजुतीवर, की चित्र दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा आणि काम करणारं यंत्र वेगळं, प्रसंगी दोन वेगळ्या इमारतींतसुद्धा. आता एक्सची जागा वेलँड घेत आहे. वेलँडचं काम २००८मध्ये सुरू झालं, त्याची रचना बरीच निराळी आहे, पण चित्राचा थर कर्नलपासून सुटा राहिलेलाच आहे.

या सुटेपणाचा अर्थ गिऱ्हाइकाच्या भाषेत एवढाच : वरचा थर कोसळला तरी खालचं यंत्र चालू असतं. तार तुटली म्हणून कोणी लूम भंगारात काढत नाही. तार कुठे तुटली ते शोधतो, गाठ मारतो, पुढे चालतो. काळ्या स्क्रीनसमोर बसून कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबा. बहुतेक वेळा पांढऱ्या अक्षरांत नाव विचारणारी एक ओळ येते. ती आली म्हणजे यंत्र जिवंत आहे, डिस्क वाचली जात आहे. फोटो, कागदपत्रं, प्रोजेक्ट यांना चित्राच्या थराने हातही लावलेला नसतो. हात लावतो तो फॉरमॅट मारणारा.

एक प्रसंग सांगतो. गोडादऱ्यातलीच बारावीची मुलगी, वडील एम्ब्रॉयडरी खात्यात रात्रपाळीला. लॅपटॉपवर मिंट. एका सकाळपासून लॉगिन करायला गेलं की स्क्रीन काळी होई आणि पुन्हा लॉगिनवर येई. दुकानदाराने फॉरमॅटचे पाचशे सांगितले होते आणि बापाने 'सोडा, काय करायचं ते करा' म्हणून होकारही दिला होता. पोरगी अडून बसली, कारण तिच्या सगळ्या नोट्स आणि दाखल्यांचे स्कॅन त्यातच होते. ती लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे आली.

'काका, पासवर्ड तर बरोबर आहे. चुकला तर तो चुकला म्हणून सांगतो. आता काहीच सांगत नाही.'

यातच अर्धं निदान होतं. चुकीच्या पासवर्डाला लॉगिनची स्क्रीन तक्रार करते. तक्रार न करता परत तिथंच येते, याचा अर्थ पासवर्ड पटला, डेस्कटॉप उभा राहायला गेला आणि पडला. कंट्रोल-आल्ट-एफ३ केलं. नाव टाकलं. पासवर्ड टाकताना तिथे ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, त्याने ती घाबरली. उमटत नसतातच, टाकत राहायचं असतं. आत गेलो. 'डीएफ', जागा सोडून आडवी रेघ आणि 'एच' : डिस्कवर जागा किती उरली ते सांगणारा हुकूम. मुख्य भागासमोर १०० टक्के. शिल्लक शून्य.

डेस्कटॉप उभा करताना लिनक्सला तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये एक-दोन छोट्या फायली लिहाव्या लागतात. एक्सच्या व्यवस्थेत त्यातली एक म्हणजे एक्स-ऑथॉरिटी, तुमच्या स्क्रीनची किल्ली म्हणा. डिस्क शिगोशिग भरलेली असेल तर किल्ली लिहिता येत नाही, डेस्कटॉप पडतो, आणि तुम्ही पुन्हा लॉगिनवर. आता डिस्क भरली कशाने? गंमत तिथे होती. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय येते, सिस्टिमच्या जुन्या अवस्था जपून ठेवणारी. तिने त्याच डिस्कवर एकावर एक अवस्था रचून ठेवल्या होत्या. जीव वाचवायला ठेवलेली वस्तूच दार अडवून बसली होती. टाइमशिफ्टलाच यादी मागितली, जुन्या अवस्था पुसल्या, यंत्र पुन्हा सुरू केलं. लॉगिन झालं. तिने आधी नोट्सचं फोल्डर उघडून बघितलं, मग माझ्याकडे.

या सगळ्यात अक्कल कितीशी लागली? ज्याने फॉरमॅट मारायला पेनड्राइव्ह तयार करायची विद्या कमावली आहे, त्याला हे शिकायला एक दुपार पुरेल. तेव्हा 'सामान्य दुकानदाराला हे जमणार नाही' हे मला मान्य नाही. जमेल. त्याने बघायचं ठरवलेलं नाही.

लॉगिनवर परत फेकलं जाण्याची बाकीची कारणंही अशीच साधी निघतात. कोणीतरी सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, एखादा चित्राचा प्रोग्रॅम चालवला आणि त्या किल्लीच्या फायलीची मालकी रूट या प्रशासकाकडे गेली. मालकी परत दिली की झालं. टेम्प फोल्डरच्या परवानग्या बिघडल्या. परवानग्या लावल्या की झालं. उबुंटूत वेलँडवर डेस्कटॉप पडत असेल तर २५.०४पर्यंतच्या आवृत्त्यांत लॉगिनच्या कोपऱ्यात दातेरी चाक असतं, तिथून एक्सऑर्ग निवडून बघता येतं. आणि काहीच सुचलं नाही तर 'जर्नलसीटीएल'ला या वेळच्या सुरुवातीपासूनच्या चुका विचारायच्या. यंत्राने स्वतःच्या पडण्याची नोंद स्वतःच करून ठेवलेली असते. न वाचताच ती पुसून टाकणं याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं प्रकरण मात्र खरंच वेगळं. एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या यंत्रावर कर्नल नवा आला, ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही आणि स्क्रीन काळी, हे घडतं. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं घडलं. 'लिनक्स कच्चं' म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा, म्हणून तो नीट घेऊ. एनव्हिडियाने आपला ड्रायव्हर बंद ठेवला. कर्नल लिहिणाऱ्यांना तो उघडून बघता येत नव्हता, दुरुस्त करता येत नव्हता. २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात खुद्द लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, भर सभेत कॅमेऱ्याकडे बोट दाखवून या कंपनीला शिवी हासडली, ती त्याचसाठी. मे २०२२मध्ये कंपनीने कर्नलमध्ये बसणारा भाग उघडा केला, तोही नव्या कार्डांपुरता. म्हणजे दोष कोणाचा हे उघड आहे. पण गिऱ्हाईक दोष कोणाचा हे विचारायला आलेलं नसतं, त्याला स्क्रीन हवी असते. ती मिळते. सुरुवातीच्या ग्रबच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. जुना कर्नल त्यासाठीच ठेवलेला असतो. तेही चाललं नाही तर त्याच यादीत 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा. चित्र भोंगळ दिसेल, पण दिसेल, आणि मग आत जाऊन ड्रायव्हर बदला. सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेला ड्रायव्हर कर्नल उचलत नाही, हेही एक नेहमीचं कारण. ते बायोसमध्ये बघायला फॉरमॅट लागत नाही.

आता 'विंडोजमध्ये असलं काही होत नाही' या वाक्याकडे. १९ जुलै २०२४ ही काही फार जुनी तारीख नाही. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फायलीने जगभरचे विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. मायक्रोसॉफ्टचाच अंदाज होता ८५ लाख यंत्रं. आपल्याकडे विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्यांचे फोटो सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये न्यायचं, एका फोल्डरमध्ये जायचं, एक फाइल पुसायची, पुन्हा सुरू करायचं. हाताने, एकेक यंत्र. कोणी म्हणालं का, ८५ लाख यंत्रं फॉरमॅट मारा? कोणी म्हणालं का, विंडोज हे शिकलेल्यांचं खूळ? बँकेच्या यंत्रात बिघाड शोधायचा असतो, आणि गोडादऱ्यातल्या पोरीच्या यंत्रात पुसून टाकायचा असतो, असा हा न्याय आहे.

आणि संध्याकाळी घेऊन जा म्हणून जे विंडोज टाकून मिळतं, ते बहुतेकदा विकतचं नसतं. ते चालू करायला जो 'ॲक्टिव्हेटर' वापरतात, तो अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. कोणी अनोळखी माणूस 'आधी कुत्रं बांधा, मग आत येतो' म्हणाला तर त्याला घरात घ्याल का? लॅपटॉपमध्ये मात्र घेतो, आणि वर पैसे देतो.

इथवर लिनक्सची बाजू घेतली, पण लिनक्सवाल्यांनी हुरळून जायचं कारण नाही. त्यांच्यावरही माझा राग आहे, आणि तो मराठी माणूस म्हणून आहे.

मराठीत सिस्टिम लावलेल्या माणसाचं यंत्र अडकलं की काय होतं ते यातल्या कितीजणांनी बघितलं आहे? त्याला आपण रुबाबात सांगतो, कंट्रोल-आल्ट-एफ३ दाब, सगळं कळेल. तो दाबतो. लिनक्सच्या साध्या कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही. त्याच्याकडे मोजक्या अक्षरचित्रांची जागा असते आणि जोडाक्षरं, वेलांट्या जुळवायची व्यवस्था तर नाहीच. म्हणजे चित्राच्या स्क्रीनवर मराठी बोलणारं यंत्र, ऐन अडचणीच्या वेळी चौकोनांची रांग मांडतं. शिवाय मराठीत लावलं की घरच्या फोल्डरांची नावंही मराठीत होतात, आणि ती कन्सोलवर ना वाचता येतात ना टाइप करता येतात. उपाय आहे : 'लँग', बरोबरचं चिन्ह आणि 'सी' हे हुकमाच्या आधी लिहिलं की संदेश इंग्रजीत येतात. पण ज्याने इंग्रजी येत नाही म्हणून मराठी निवडली, त्याला हा उपाय सांगताना माझीच जीभ अडखळते.

दुसरं त्याहून साधं, आणि जास्त वेळा दिसणारं. मराठीत टाइप करता यावं म्हणून पोरं कीबोर्डला मराठी जोडतात, आणि यादीत ती पहिली जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी लॉगिनवर पासवर्ड 'चुकतो'. चुकलेला नसतो, ठिपक्यांच्या आड देवनागरी अक्षरं पडत असतात. ठिपके सगळे सारखे, तेव्हा कळायला मार्ग नाही. ग्नोमच्या, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपच्या, लॉगिनवर पासवर्डाच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की आत काय पडलं ते दिसतं. वर उजव्या कोपऱ्यात कोणता कीबोर्ड चालू आहे तेही छोट्या अक्षरांत असतं. सुपर आणि स्पेस एकत्र दाबलं की कीबोर्ड बदलतो, आणि पासवर्ड झटक्यात 'बरोबर' होतो. केवळ एवढ्यासाठी पुसलेला लॅपटॉप मी बघितला आहे. दुकानदाराला शिव्या देण्याआधी मला हे विचारावंसं वाटतं, की ही गोष्ट लॉगिनच्या स्क्रीनने ठळकपणे का सांगू नये?

सांगण्याच्या बाबतीत ग्नोमने तर कमाल केली आहे. डेस्कटॉप कोसळला की रडव्या तोंडाच्या संगणकाचं चित्र येतं आणि त्याखाली, अरेरे, काहीतरी बिघडलं, सिस्टिम सावरू शकत नाही, लॉग आउट करा. काय बिघडलं? डिस्क भरली की ड्रायव्हर गेला? यंत्राला ठाऊक असतं, ते नोंदवहीत लिहूनही ठेवतं, पण समोरच्याला सांगत नाही. 'डिस्कवर जागा नाही' एवढे तीन शब्द अशा वेळी स्क्रीनवर आले असते, तर बारावीची पोरगी स्वतःच सुटली असती. दुकानदार 'गेलं काम' म्हणतो आणि ग्नोमची ही स्क्रीनही जवळपास तेच म्हणते. मग त्यालाच एकट्याला का झोडायचं?

सरकारी प्रयत्नांची गतही अशीच. सीडॅकच्या चेन्नई केंद्राने २००७मध्ये बॉस लिनक्स आणलं, डेबियन या लिनक्सवर बेतलेलं, भारतीय भाषांसह. सिस्टिम तयार झाली. ती अडली तर गल्लीत कोणाकडे न्यायची, याची तयारी कुठे दिसली नाही. केरळने उलट्या टोकाने सुरुवात केली. तिथल्या शाळांत आज लिनक्सच चालतं, आणि ते चालतं कारण त्यांनी आधी मास्तर तयार केले. स्क्रीन काळी झाली तर बघणारा माणूस शाळेतच असतो. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगूच्याही चालवते. इतक्या भाषांत शिकवायची तयारी ठेवणाऱ्या गावात ही एक विद्या शिकवणं अशक्य नाही.

सगळ्यांनी लिनक्स घ्यावं असं माझं म्हणणं नाही. एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचं विलकॉम विंडोजवर चालतं, टॅली विंडोजवर चालते. ज्याचं पोट त्यावर आहे त्याने विंडोजवरच राहावं, विकत घेतलेल्या. त्याला वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारी सोय) लावून चालव म्हणणारा लिनक्सवाला त्याचा हितचिंतक नाही. माझं भांडण आहे ते शिकणाऱ्या पोरांच्या, घरच्या हिशोबाच्या, फोटोंच्या यंत्रांबद्दल, जिथे लिनक्स नीट चालत होतं आणि एका भरलेल्या डिस्कपायी पुसलं गेलं.

यावर दुकानदाराचं शेवटचं उत्तर मला पाठ आहे : 'भाऊ, शोधत बसायला वेळ कोणाला आहे? फॉरमॅटचे पाचशे मिळतात. तुमचा डीएफ टाइप करायचे कोण देणार?'

हा मुद्दा मात्र प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर गिऱ्हाइकाने द्यायचं आहे. आपण फॉरमॅटला पाचशे मुकाट देतो, कारण लॅपटॉप संध्याकाळपर्यंत दुकानात पडून राहिला म्हणजे काहीतरी मोठं झालं असं वाटतं. दहा मिनिटांत सुटलं तर 'एवढ्याचे कसले पैसे' म्हणून हात आखडतो. तेव्हा दुकानदारांनी पाचशेच घ्यावेत. पाटीवर 'लॉगिन दुरुस्ती, डेटा जागेवर' असं लिहून हवं तर सहाशे घ्यावेत. ज्याची दाखल्यांची फोल्डरं वाचतील तो देईल. आणि नोंद वाचूनही खरंच काही सुटलं नाही, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून गिऱ्हाइकाचं घरचं फोल्डर आधी बाहेर काढावं, ते त्याला उघडून दाखवावं, आणि मग खुशाल फॉरमॅट मारावा. त्या फॉरमॅटला माझी हरकत नाही.